सहल कंपनीचे स्वतःचे विमान : सोय आणि जोखीम

जालना (प्रतिनिधी) : सहलीचे पैसे एकाच ठिकाणी भरले की विमान, हॉटेल, जेवण या सर्वांची व्यवस्था होते. ही सोय जालनेकरांना आता नवी राहिलेली नाही. जिल्ह्यातून नियमित प्रवासी विमानसेवा नसल्याने येथील कुटुंबे चिकलठाणा, मुंबई किंवा पुण्याचा विमानतळ गाठतात. आपल्याकडे सहल एका कंपनीची आणि विमान दुसरीचे असते. युरोपात मात्र सहल कंपन्यांनी स्वतःच्या विमान कंपन्या उभारल्या. त्या कशा वाढल्या आणि त्यांतील एक बलाढ्य समूह २०१९ मध्ये कसा कोसळला, हे आगाऊ पैसे भरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे.

हंगामाचे गणित

नियमित विमान कंपनी एकेक तिकीट विकते. सहल कंपनी हॉटेलची खोली आणि विमानातील आसन एकत्रच विकते. त्यामुळे विमान भरण्याची खात्री अधिक आणि दर आसनामागील खर्च कमी असतो. मात्र विमान जमिनीवर उभे राहिले तरी भाडेपट्ट्याचा हप्ता चुकत नाही. युरोपातील उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर जाणाऱ्या विमानांना हिवाळ्यातही काम हवे असते. ते काही अंशी गोव्याने पुरविले, कारण तेथील पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. जर्मनीतील कॉन्डॉर कंपनीचे चार्टर विमान १९८५ मध्ये दाबोळीला उतरले आणि गोव्याच्या चार्टर पर्यटनाचा पाया घातला गेला.

ताफा वाढला, कर्जही वाढले

कॉन्डॉरची स्थापना १९५५ ची. बोइंग ७५७-३०० हे लांबट, अडीचशेहून अधिक आसनांचे विमान जगात सर्वप्रथम १९९९ मध्ये तिनेच ताफ्यात घेतले. पुढे ती थॉमस कूक समूहात आली. १८४१ मध्ये सुरू झालेल्या या समूहाकडे अखेरीस सर्व उपकंपन्या मिळून सुमारे १०० विमाने होती. परंतु दीड अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आणि इंटरनेटवर स्वतःच सहल आखणारा ग्राहक, या दोहोंपुढे समूह टिकला नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी तो बंद पडला. जगभरात सुमारे ६ लाख पर्यटक अडकले आणि गोव्याला ऐन हंगामाच्या तोंडावर फटका बसला. जर्मन सरकारच्या हमीवर ३८ कोटी युरोंचे कर्ज मिळाल्याने कॉन्डॉर मात्र तगली. भारतातील थॉमस कूक कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने तिला झळ बसली नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण

ट्रॅव्हल एजन्सीच्या व्यवसायातून विमान कंपनी निघाल्याचे उदाहरण मुंबईतही आहे. १९९२ मध्ये सुरू झालेली ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स १९९६ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचे संस्थापकही परदेशी विमान कंपन्यांची तिकिटे विकण्याच्या व्यवसायातून पुढे आले होते. १९९३ मध्ये ४ विमानांनिशी सुरू झालेली ही कंपनी अनेक वर्षे मुंबई-औरंगाबाद मार्गावरही सेवा देत होती. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे उड्डाण थांबले.

पैसे कोणाच्या हाती?

ब्रिटनमध्ये १९७३ पासून सहल कंपन्यांसाठी 'अ‍ॅटोल' ही संरक्षण योजना आहे. आज त्यासाठी दर प्रवाशामागे अडीच पौंड जमा केले जातात. थॉमस कूक बुडाल्यावर सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना सरकारी यंत्रणेने मायदेशी आणले आणि योजनेत बसणाऱ्यांना परतावाही मिळाला. भारतात असा स्वतंत्र निधी नाही. जेट किंवा २०२३ मध्ये थांबलेली गो फर्स्ट, दोन्ही वेळा तिकीटधारकांना इतर देणेकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहावे लागले.

म्हणूनच मोठी रक्कम भरताना काही गोष्टी पाहाव्यात. पैसे शक्यतो टप्प्याटप्प्याने द्यावेत व प्रत्येक वेळी पावती घ्यावी. तिकिटाचा पीएनआर क्रमांक मागून विमान कंपनीकडे स्वतः पडताळावा. सहल रद्द झाल्यास परतावा कोण देणार, हे लेखी घ्यावे. प्रवास विमा घेतला असल्यास कंपनी बुडण्याची जोखीम त्यात धरली आहे का, तेही वाचावे. विमान कोणाच्याही मालकीचे असो, सहलीपूर्वीच दिलेले पैसे हे एका अर्थाने ग्राहकाने कंपनीला दिलेले बिनव्याजी कर्जच असते. कर्ज देणाऱ्याने कर्जदाराची पत पाहायला हवी.