गणितात मुले मागे का पडतात? : अमेरिकेतील एक प्रयोग

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते इतके जुने आहे. त्यांच्या शिक्षणातील एक प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

१९७० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळू लागला होता. परंतु अभियंता व्हायचे तर पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस पार करावे लागे आणि तेथेच यांतील बहुसंख्य मुले अडखळत. प्राध्यापकांकडे कारणे तयार होती : पाया कच्चा, घरी वातावरण नाही, जिद्द कमी. (ही कारणे आपणही आपल्याबद्दल ऐकली आहेत.)

उरी ट्राइस्मन या तरुण संशोधकाने २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून ते अभ्यास कसा करतात हे प्रत्यक्ष पाहिले. कृष्णवर्णीय मुले आळशी मुळीच नव्हती. त्यांतील कित्येक जण शाळेत पहिले आलेले, आईवडिलांनी मोठ्या आशेने पाठवलेले. सांगितलेला अभ्यास, आठवड्याला सुमारे ८ तास, ती इमानाने करीत; पण एकट्याने. गणित अडले की अडलेच. चिनी मुले आधी एकटी बसत, मग संध्याकाळी जमून एकमेकांची गणिते तपासत, जेवणही बरोबर घेत. त्यांचे सुमारे १४ तास भरत आणि वर्गात आपण कोठे आहोत हेही त्यांना आपसांत कळे.

१९७८ साली ट्राइस्मन यांनी कार्यशाळा सुरू केली. ‘कच्च्या मुलांचा जादा वर्ग’ अशी पाटी लावली असती तर शाळेत पहिला आलेला मुलगा तिकडे फिरकलाच नसता. म्हणून हुशारांचा वर्ग म्हणून बोलावले, मुद्दाम अवघड गणिते दिली आणि ती गटाने सोडवून घेतली. मला यातले खरे शहाणपण येथे दिसते. कार्यशाळेतील मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि पुढे अनेक महाविद्यालयांनी ही पद्धत उचलली.

आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना १९७३ पासून राखीव जागा मिळाल्या. प्रवेश झाला, तरी पहिल्या वर्षाचे गणित आपली मुले बहुधा एकटीच सोडवतात. आपल्या अभ्यासिकांतही ‘शांतता राखा’ अशीच पाटी असते. रविवारी सायंकाळी दोन तास विहाराचे सभागृह बोलून अभ्यास करण्यासाठी उघडे ठेवावे आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी तेथे यावे. खर्च फळा व खडूचा.