फॅटी लिव्हर आणि हार्मोनचे औषध : आधी निबरपणा मोजा

सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड एक' असे लिहून आले की घरात दोन मते होतात. एकजण म्हणतो, आजकाल सगळ्यांनाच असते, सोडून द्या. दुसरा म्हणतो, आत्ताच्या आत्ता नांदेडला चला. आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. तो मोबाईल पुढे करून सांगतो, "हार्मोनचे इंजेक्शन निघालेय. आठवड्याला एक, लिव्हर साफ!" त्याचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा भागातील आपल्या वाचकांनी गाठीचा पैसा सोडण्यापूर्वी उरलेले अर्धेही ऐकावे, असे आम्हाला वाटते.

मुळात हा आजार हार्मोनशी जोडलेलाच आहे. हार्मोन, म्हणजे शास्त्रीय मराठीत संप्रेरक. इन्सुलिन हे असेच एक संप्रेरक. पोटाचा घेर वाढला, अंगमेहनत कमी झाली, चहातली साखर आणि बाटलीबंद पेये वाढली की शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि जादा चरबी यकृतात साठू लागते. दारूला कधी हात न लावलेल्या आईबहिणींच्या रिपोर्टवरही हा शब्द येतो तो यामुळे. देशातल्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली काढलेला आकडा सांगतो की प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांच्या यकृतात चरबी आहे. अंगाने सडपातळ माणसेही यातून सुटलेली नाहीत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला तो काही उगाच नव्हे.

मात्र यातल्या बहुतेकांचे यकृत कधी निकामी होत नाही. काहींच्या यकृताला सूज येते, सुजेतून वण धरतात आणि मऊ यकृत हळूहळू निबर होत जाते. या निबरपणाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. चौथी पायरी म्हणजे सिऱ्होसिस. इथेच सर्वात मोठा घोटाळा होतो. सोनोग्राफीचा 'ग्रेड' चरबी किती ते सांगतो, निबरपणाची पायरी सांगत नाही. ग्रेड एकवाला दोन वा तीन पायऱ्या चढून गेलेला असू शकतो आणि ग्रेड दोनवाला शून्यावर असू शकतो.

मग निबरपणा कळायचा कसा? पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीतून निघतो. त्याला 'फिब-फोर' म्हणतात. एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट हे तीन आकडे व आपले वय एवढेच लागते. वयाला एएसटीने गुणायचे. मग प्लेटलेटचा हजारातला आकडा घेऊन त्याला एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचे आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. समजा वय ५०, एएसटी ४८, एएलटी ६४, प्लेटलेट दीड लाख. पन्नास गुणिले अठ्ठेचाळीस, २४००. दीडशे गुणिले आठ, १२००. उत्तर आले २. आकडा १.३ च्या खाली असेल तर मोठ्या निबरपणाची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर तज्ज्ञाकडे जायलाच हवे. मधला असेल तर फायब्रोस्कॅन करून खात्री करावी. पस्तिशीच्या आत हा हिशेब नीट लागू पडत नाही आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. दहावीतली मुलगीही हे गणित करील. घरातल्या मुलांकडून जरूर करून घ्यावे.

आता औषधांकडे येऊ. पहिले रेस्मेटिरोम. ही रोज घ्यायची गोळी आहे. थायरॉईडच्या हार्मोनचे यकृतात जे काम चालते तेवढेच ती जागे करते. अमेरिकेने तिला मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. दुसरे सेमाग्लुटाइड. जेवल्यावर आतड्यातून जे हार्मोन सुटते त्याची ही नक्कल, आठवड्याला एक इंजेक्शन. भूक मंदावते, वजन उतरते आणि मुख्यतः त्यामुळेच यकृत हलके होते. यकृताच्या आजारासाठी तिकडे त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही औषधे निबरपणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या पायरीसाठी आहेत. नुसत्या ग्रेड एकसाठी नव्हेत, आणि सिऱ्होसिससाठीही नव्हेत.

गुण किती येतो? सेमाग्लुटाइडच्या ८०० रुग्णांच्या चाचणीत ७२ आठवड्यांनी सुमारे ६३ टक्के लोकांची सूज गेली. खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांतही ३४ टक्क्यांची गेली होती. वण कमी झाले ते ३७ टक्क्यांचे, खोट्या इंजेक्शनवर २२ टक्क्यांचे. म्हणजे गुण खरा आहे, पण 'लिव्हर साफ' ही भाषा जाहिरातीची.

आणि खर्च? वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सुरुवातीच्या कमी मात्रेचाच महिना सतरा हजारांच्या वर जात होता. पुढे त्याच वर्षी कंपनीने दर उतरवले. पेटंटची मुदतही मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यानंतर इतर कंपन्यांची वाट मोकळी. पण इंजेक्शन थांबले की वजन बहुधा परत चढते, म्हणून हिशेब एका महिन्याचा न करता वर्षांचा करावा. मळमळ, उलट्या, जुलाब हे नेहमीचे त्रास. उन्हात हळदीच्या शिवारात राबणाऱ्याला ते घरी बसलेल्यापेक्षा जास्त भोवतील. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

एक गोष्ट आम्ही जोर देऊन सांगतो. थायरॉईडवरून औषध निघाले म्हणून शेजारणीची थायरॉईडची गोळी लिव्हरसाठी घेऊ नये. ती हृदयाचे ठोके बिघडवते आणि हाडे ठिसूळ करते. नवे औषध यकृतापुरते काम करते, हाच तर त्यातला शोध आहे.

आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भाजीतली हळद खुशाल खावी. पण 'लिव्हरसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, त्यातही मिरी घातलेल्या, हे निराळे प्रकरण आहे. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झालेले दहा रुग्ण अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२२ मध्ये नोंदवले. गुळवेलीचेही तसेच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असे सहा रुग्ण जगापुढे मांडले. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडावा.

इंजेक्शन परवडो न परवडो, वजन सर्वांच्या हातात आहे. सत्तर किलोच्या माणसाने पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो उतरवले तरी चरबी घटते. सात टक्क्यांना सूज ओसरू लागते आणि दहा टक्क्यांना वणही कमी होऊ शकतात. अर्थात जो मुळातच किडकिडीत आहे त्याने उपाशी राहू नये. त्याने साखर तोडावी आणि चालावे. दारूचे मात्र दोन्हींना सारखेच. पाचवे शील रोज म्हणणाऱ्या घरात ते आम्ही वेगळे काय सांगावे? चरबी आणि दारू एका यकृतात भेटल्या की वण अधिक घाईने धरतात.

रिपोर्टचे कागद एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. फिब-फोर कमी आला तरी मधुमेह असल्यास वर्ष-दोन वर्षांनी, नसल्यास दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढावा आणि मागचा आकडा डॉक्टरांना दाखवावा.