नौकेचा शाफ्ट

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर गेलात, तर मासेमारीच्या नौका ओढून वर घेतलेल्या दिसतात. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचाही काळ असतो, म्हणून मासेमारी बंद असते. पण खलाशी स्वस्थ बसत नाहीत. ते जाळी दुरुस्त करतात, नौका रंगवतात. मेकॅनिक इंजिन खोलतो आणि शाफ्टही बाहेर काढून तपासतो.

शाफ्ट म्हणजे धातूचा लांब, गोल दांडा. इंजिन नौकेच्या आत असते आणि पंखा बाहेर पाण्यात असतो. शाफ्ट या दोघांना जोडतो. तो नौकेच्या तळातील एका नळीतून बाहेर जातो. नळीतून पाणी आत येऊ नये म्हणून आतल्या तोंडाशी ग्लँड असते. तिच्यात तेलकट दोरीचे वेढे दाबून बसवलेले असतात.

शाफ्ट काढला की तळाला भोक उघडे पडते. म्हणून हे काम नौका जमिनीवर असतानाच करतात. इंजिन चुकून सुरू होऊ नये, यासाठी आधी बॅटरीची तार सोडवतात.

प्रथम पंखा काढतात. शाफ्टचे टोक निमुळते असते आणि पंखा त्यावर घट्ट बसलेला असतो. मेकॅनिक नट थोडा सैल करतो, पण पूर्ण काढत नाही. नाहीतर पंखा एकदम सुटून अंगावर येईल. मग पुलर लावून पंखा ओढतो. पात्यांवर हातोडा मारत नाही, कारण वाकडे पाते नौकेला हादरे देते. पंख्यामागचे सुकाणूही काढावे लागते, नाहीतर शाफ्टला वाट मिळत नाही.

मग आतले काम. शाफ्ट आणि गिअरबॉक्स कपलिंगने जोडलेले असतात. कपलिंगच्या दोन्ही भागांवर खूण करून बोल्ट काढतात. शाफ्टवरचा भाग नळीतून जात नाही, म्हणून तो वेगळा करावा लागतो. येथे एक युक्ती करतात. ग्लँड सैल करून शाफ्ट थोडा मागे घेतात. त्याच्या तोंडाशी लोखंडाचा तुकडा ठेवतात आणि लांब बोल्ट लावून ते सारखे आवळतात. कपलिंग पुढे ओढले जाते आणि शाफ्ट त्यातून सुटतो.

शेवटी दोघेतिघे मिळून शाफ्ट सरळ मागे ओढतात. तो कोठे झिजला आहे, वाकला आहे की काय, हे पाहतात. झिजलेला बुश आणि जुनी दोरी बदलतात.

नौका पाण्यात उतरल्यावर कपलिंगची जुळणी पुन्हा तपासतात, कारण पाण्यात नौकेचा आकार किंचित बदलतो. शाफ्ट फिरताना ग्लँडमधून पाण्याचे काही थेंब पडतात. ते पडायलाच हवेत. त्यांनी दोरी थंड राहते. पण धार लागली, तर तो धोक्याचा इशारा असतो.

समुद्रात मदत दूर असते. तेथे शाफ्ट तुटला, तर नौका लाटांच्या स्वाधीन होते. म्हणून किनाऱ्यावर नीट केलेले काम खलाशांचे प्राण राखते.

स्वाध्याय
१. शाफ्ट काढताना नौका जमिनीवर का असावी लागते?
२. पंख्याचा नट पूर्ण का काढत नाहीत?
३. कारणे द्या : ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडायला हवेत.