चालकाची शुद्ध हरपली तर...

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. अशा वेळी चालकाला हृदयविकाराचा झटका आला, अपस्माराची फीट आली, रक्तातील साखर एकाएकी उतरली किंवा नुसता डोळा लागला, तर तीन सेकंदांत ती ८० मीटरहून अधिक अंतर कोणाच्याही नियंत्रणाविना जाते. मागील आसनांवर कुटुंब निद्रिस्त असते. शेजारी बसलेल्याला काय घडले हे उमगण्यापूर्वीच अनर्थ ओढवतो. चालक प्रतिसाद देईनासा झाला की गाडीने स्वतःच थांबावे, ही व्यवस्था याच मोजक्या क्षणांसाठी आहे.

तिचे काम टप्प्याटप्प्याने चालते. स्टिअरिंगवर हात आहेत की नाहीत हे संवेदक सतत पाहत असतात. काही गाड्यांत चालकाच्या डोळ्यांवर कॅमेऱ्याची नजर असते. प्रतिसाद थांबला की प्रथम समोरच्या पडद्यावर सूचना उमटते, मग इशाऱ्याचा आवाज होतो, त्यानंतर ब्रेकचा हलका हिसका देऊन चालकाला जागे करण्याचा प्रयत्न होतो. तरीही हालचाल नसेल, तर धोक्याचे दिवे लुकलुकू लागतात आणि गाडी आपली लेन सांभाळत हळूहळू थांबते. फोक्सवॅगनने २०१४ मध्ये आलेल्या पसाट गाडीत ही सोय दिली. २०१७ च्या आर्टिऑनमध्ये, रहदारी मोकळी असल्यास गाडी कडेच्या संथ लेनकडे सरकून थांबेल, अशी सुधारणा झाली.

जपानने हाच विचार बसप्रवासापर्यंत नेला. तेथील परिवहन मंत्रालयाने मार्च २०१६ मध्ये अशा व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. २०१८ मध्ये हिनो कंपनीने सेलेगा या पर्यटन बसमध्ये आणीबाणीची कळ बसवली. अस्वस्थ वाटताच चालक ती दाबू शकतो. विशेष म्हणजे पुढच्या प्रवाशांच्या हाताशीही तशी कळ असते. प्रवाशाने ती चुकून दाबली तर रद्द करण्यास चालकाला काही क्षण मिळतात. त्याने रद्द केली नाही, तर आतल्या प्रवाशांना आणि बाहेरच्या वाहनांना इशारा देत बस थांबते. रात्रभर प्रवास करून यात्रेला जाणाऱ्या आपल्या संघांनी या कल्पनेकडे लक्ष द्यावे असे त्यात पुष्कळ आहे.

गाडी खरेदी करताना मात्र एक गल्लत हमखास होते. समोर अडथळा आला की आपोआप लागणारा ब्रेक, झोपेची चाहूल लागताच कॉफीच्या कपाचे चिन्ह दाखवणारी सूचना आणि बेशुद्ध चालकाची गाडी थांबवणारी व्यवस्था, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन असल्या म्हणजे तिसरी असतेच असे नाही. काही गाड्यांत स्टिअरिंगवर हात नसल्याचा इशारा वाजून वाजून थांबतो आणि लेन राखण्याचे साहाय्यच बंद होते. म्हणजे ज्या क्षणी आधार हवा, त्याच क्षणी तो निघून जातो. म्हणून विक्रेत्याला नेमके विचारावे: “चालकाने प्रतिसादच दिला नाही, तर ही गाडी शेवटी काय करते?” उत्तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत पडताळून घ्यावे.

जिथे ही सोय आहे तिथेही तिला मर्यादा आहेत. पुष्कळ गाड्यांत लेन राखण्याची यंत्रणा चालू असेल तरच ती कार्य करते, आणि त्या यंत्रणेला रस्त्यावरचे पट्टे स्पष्ट दिसावे लागतात. पुसट पट्ट्यांच्या, वळणावळणाच्या घाटात तिच्यावर विसंबता येत नाही. शुद्ध हरपलेल्या चालकाचा पाय एक्सिलरेटरवर दाबलेला राहिला, तर तो जागा आहे असाही यंत्राचा समज होऊ शकतो.

सोय नसलेल्या गाडीत शेजारी बसलेला माणूसच आधार असतो. त्याने एका हाताने स्टिअरिंग सरळ धरावे आणि धोक्याचे दिवे लावावेत. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत ती कळ सतत धरून ठेवल्यास गाडी नियंत्रितपणे थांबते. हाताने ओढायचा ब्रेक मात्र एकदम न खेचता हळूहळू ओढावा. गाडी थांबताच ११२ क्रमांकावर मदत मागावी. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे घरातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.

दिवसभर दुकानाची उलाढाल सांभाळून रात्री स्वतः गाडी हाकणे, किंवा पहाटे आलेल्या चालकाला पुन्हा सकाळच्या फेरीस धाडणे, हे व्यापारी घरांत नवे नाही. गाडी बेशुद्ध माणसाला सावरू पाहते, पण थकलेल्याला विश्रांती देऊ शकत नाही. ती देणे गाडीच्या मालकाच्याच हाती आहे. निघण्याआधी “तुमची झोप झाली का?” एवढे चालकाला विचारण्यास कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही, मात्र उत्तर “नाही” असे आले, तर प्रवास पुढे ढकलण्याची तयारी हवी.