सरकारी खर्चाचे माप

सरकारने किती खर्च करावा, हा प्रश्न अर्थमंत्र्यांचा असे समजून सामान्य माणूस तो बाजूस ठेवतो. वस्तुतः बेळगावच्या शहापूर भागातील विणकराचाही तो प्रश्न आहे. त्याने आयकराचे विवरणपत्र आयुष्यात कधी भरले नसेल. परंतु साबणापासून चपलेपर्यंतच्या खरेदीत तो कर देतच असतो. सरकारी तिजोरीचा तोही एक धनी आहे.

देशात वर्षभरात जे एकंदर उत्पन्न निर्माण होते, त्याच्या किती टक्के सरकार खर्च करते, हे या विषयातील रूढ माप होय. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत केंद्र व राज्ये मिळून हा खर्च, जुन्या हिशेबाने सांगावयाचे तर, रुपयात दोन आण्यांहूनही कमी होता. आता तो चार आण्यांच्या थोडा वर गेला आहे. समाज संपन्न होत जातो तसतसा सरकारचा वाटा वाढतो, असे जर्मन अर्थशास्त्रज्ञ वॅगनर यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रतिपादन केले होते. तथापि फ्रान्समध्ये हा वाटा निम्म्याहून अधिक आहे, तर सिंगापुरात तो एक-पंचमांशाच्या आसपास वा त्याहूनही कमी असतो; आणि दोन्ही देश सधन आहेत. तात्पर्य, केवळ टक्केवारीवरून बरेवाईट ठरत नाही.

मग कशावरून ठरवावे? नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कार्यात याचे उत्तर सापडते. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, दुष्काळ व प्लेगने प्रजा गांजलेली असता तिजोरीत शिल्लक पडावी, हे सुबत्तेचे लक्षण नव्हे, असे त्यांनी दाखवून दिले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. हा कर १९०३ साली मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला व १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला. त्याच गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यासाठी सरकारला खर्च वाढवावा लागणार होता. १९१२ साली ते फेटाळले गेले. या दोन मागण्यांत विसंगती नव्हती. पैसा कोणाकडून घेतला जातो आणि कोणत्या कामी लागतो, हे पाहून ते खर्चाचा न्याय करीत.

शहापूरने अनेक खजिने पाहिले. १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते, तर शेजारचे बेळगाव इंग्रजी अमलाखाली. पुढे मुंबई राज्य व १९५६ पासून म्हैसूर, म्हणजे आजचे कर्नाटक. खजिना बदलला, तरी विणकराच्या गरजा त्याच राहिल्या. साडीचा काठ कसा असावा, हे त्याला कोणत्याही सरकारने शिकवावयास नको. परंतु राकसकोप जलाशयाचे पाणी शहरात आणणे, साथ आवरणे, मुलांची शाळा चालविणे ही कामे शंभर विणकर एकत्र आले तरी त्यांच्या आवाक्यातील नव्हेत. सरकारी खर्चाचे खरे क्षेत्र तेथे सुरू होते.

कर्नाटकाचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सुमारे ३ लाख ७१ हजार कोटी रुपयांचे, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या सुमारे १३ टक्के होते. त्यातील सुमारे ५२ हजार कोटी रुपये 'हमी' योजनांसाठी होते. गरिबाच्या हाती पडलेला पैसा बाजारात येऊन धंदा चालवितो, असे एक पक्ष म्हणतो. त्यापायी रस्ते व पाटबंधारे मागे पडतात, असे दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. मात्र कर्जाला मर्यादा हवी, हे उभयपक्षी मान्य व्हावे. वार्षिक तूट राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांत ठेवण्याचे बंधन कर्नाटकाने २००२ च्या कायद्याने स्वतःवर घालून घेतले, ते याच जाणिवेने. कर्जाचे व्याज पुढील पिढीच्या करातून फेडावयाचे असते.

म्हणून अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा नागरिकाने केवळ आकड्यांच्या आकाराने दिपून वा दचकून जाऊ नये. हा पैसा कोणाच्या पदरातून आला, एकट्यादुकट्याला न होणारे कोणते काम त्यातून झाले, आणि मुलांच्या माथी किती कर्ज राहिले, हे तीन प्रश्न त्याने आपल्या प्रतिनिधीस अवश्य विचारावेत.