पासष्ट मिलिमीटरचा 'एच'

फरीदाबादेत नोंदवलेल्या मालट्रकची नंबरपाटी 'एचआर ३८' अशी सुरू होते. मथुरा रोडवर ही अक्षरं दिवसभर धावत असतात, आणि त्यांचा आकार चक्क कायद्यानं बांधून दिलेला आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५१वा नियम मोटारी-ट्रकांसाठी सांगतो: अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेषेची जाडी १०, दोन अक्षरांमधली जागा १०. संपलं! एवढ्यात अक्षर तयार झालं, अशी नियमाची समजूत दिसते.

मग घ्या पट्टी-पेन्सिल आणि काढा तो 'एच'. १० मिलिमीटर जाडीच्या दोन उभ्या पट्ट्या, मधोमध तेवढीच जाड आडवी. तिच्या वर साडेसत्तावीस मिलिमीटर, खाली साडेसत्तावीस. आता कागद जरा लांब धरा. आडवी पट्टी खाली घसरलेली वाटते, शिवाय उभ्यांपेक्षा जाडही. पुन्हा मोजलंत तरी माप चोख!

फसवतो तो डोळा. उभं अंतर तो असतं त्यापेक्षा थोडं जास्त धरतो, आणि आडव्या पट्टीची जाडी म्हणजे उभंच अंतर. अक्षराचा वरचा अर्धा भागही त्याला खालच्यापेक्षा मोठा भासतो. म्हणून मुरलेला रंगारी आडवी पट्टी किंचित वर घेतो आणि केसभर बारीक करतो. सगळ्या रेषा सारख्या दिसाव्यात म्हणून त्या असमान काढायच्या, असा हा उफराटा व्यवहार आहे. गोल अक्षरांचंही तसंच. 'ओ' बरोबर ६५ मिलिमीटरचा काढला तर शेजारच्या 'एच'पुढे बुटका दिसतो. त्याला वर-खाली एक-दीड टक्का बाहेर डोकावू द्यावं लागतं.

पटत नसेल तर छापील पुस्तकातला इंग्रजी आठचा आकडा शोधा आणि पुस्तक उलटं धरा. सरळ असताना समान वाटणाऱ्या दोन गोलांपैकी एक एकदम थोराड दिसू लागतो. तो खालचा होता, मुद्दाम मोठा काढलेला. इंग्रजी तीनही असाच उघडा पडतो.

गणितानं अक्षर पकडायची हौस जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राजासाठी विद्वानांच्या समितीनं मोठ्या अक्षराचा चौरस २,३०४ बारीक चौकटींत विभागून आराखडे केले. ते पोलादात कोरायची वेळ आली तेव्हा फिलिप ग्रांजाँ या कारागिरानं चौकटींपेक्षा स्वतःच्या नजरेवर जास्त भरवसा ठेवला. मला तर समितीपेक्षा तोच जास्त शास्त्रीय वाटतो.

देवनागरीत प्रकरण आणखी रंगतं. फरीदाबादहून मथुरेकडे निघालं की पुढचं मोठं गाव पलवल. हे नाव ठोकळा अक्षरांत काढून बघा. उत्तरेकडच्या वळणात प, ल, व, ल या चारही अक्षरांना उजवीकडे पूर्ण उभा दांडा असतो, त्यामुळे शिरोरेषेखाली चार खांबांची ठाय लय आपोआप लागते. मराठी वळणाचा ल बिनदांड्याचा, शिरोरेषेच्या मध्यावरून लोंबणारा आणि दोन्ही बाजूंना वळलेला. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयानंही तोच प्रमाण मानला. पण हा ल घातला की चारांपैकी दोन खांब गायब! मग पट्टीनं मोजलेली समान अंतरं कामाची नाहीत; खांबांऐवजी मोकळ्या जागा तोलाव्या लागतात.

त्यात व. त्याचं पोट दांड्याला मिळतं तिथे दोन जाड रेषा एकमेकींत घुसतात आणि काळा गठ्ठा तयार होतो. उपाय एकच: सांध्याशी पोटाची रेषा हळूच बारीक करत न्यायची. लेखणीनं लिहिताना ही सोय फुकट मिळते, कारण तिरप्या कापलेल्या बोरूची रेषा वळणागणिक आपसूक जाड-बारीक होते. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट बाजूनं कापतात, म्हणून आपली जाड रेषाही उलट्या तिरक्या दिशेला पडते. ठोकळा अक्षरात बोरू नसतो. त्याची कामं रंगाऱ्याला एकेक करून आठवावी लागतात.

संगणकावर अक्षरं घडवणारेही हेच करतात. मुंबईच्या 'एक टाइप'च्या गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा 'मुक्ता' हा फॉन्ट एकाच जाडीच्या रेषांचा म्हणून ओळखला जातो. त्यातला एखादा जाड व पडद्यावर भरपूर मोठा करा, आणि पोट दांड्याला मिळतं तिथे पट्टी लावा.