भिंत ओतण्याचे सांचे

घर बांधणें म्हणजे विटेवर वीट अथवा दगडावर दगड रचणें, अशीच आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. परंतु बांधकामाची याहून निराळी अशी एक रीत आहे. तींत भिंत रचीत नाहींत, ओततात. घंटा ओतणारा कारागीर ज्याप्रमाणें आधीं सांचा करतो व मग त्यांत वितळलेली धातु सोडतो, त्याचप्रमाणें या रीतींत भिंतीचा पोकळ सांचा आधीं उभा करतात, आणि त्यांत सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांचें मिश्रण ओततात. मिश्रण घट्ट झालें कीं सांचा काढून घेतात व भिंत उभी राहते. शेजारीं कोठें स्लॅब घालावयाचा असला म्हणजे ज्या फळ्या, पत्रे व टेकू दिसूं लागतात, आणि ज्यांस आपले मजूर 'सेंट्रिंग' म्हणतात, तो या सांच्याचाच एक प्रकार होय.

घर पुरें झाल्यावर सांच्याची आठवण कोणी ठेवीत नाहीं. तथापि अशा बांधकामांत खरी कसोटी सांच्याचीच असते. ओतण्याच्या वेळीं तो तसूभरही हलतां कामा नये, आणि काम संपल्यावर मात्र भिंतीस ओरखडा न उमटतां त्याचा तुकडा न् तुकडा सुटा झाला पाहिजे. एकाच वस्तूनें अभेद्य असावें आणि सहज मोकळेंही व्हावें, या दोन परस्परविरुद्ध गुणांचा मेळ कसा घालतात, व तो न साधल्यास काय होतें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

सांच्यांत भिंत उभारण्याची कल्पना आजची नव्हे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या आपल्या सृष्टिविषयक ग्रंथांत आफ्रिका व स्पेन येथील मातीच्या भिंतींचें वर्णन केलें आहे. दोन बाजूंस फळ्या उभ्या करून मधल्या पोकळींत माती ठासून त्या तयार करीत, असें तो सांगतो. फ्रान्समध्यें लियों शहराच्या आसपास ही रीत फार दिवसांपासून चालत आलेली होती, आणि फ्रांस्वा क्वांत्रो नांवाच्या तेथील गृहस्थानें १७९० पासून पुस्तिका लिहून तिचा पुष्कळ प्रसार केला. या भिंतींस लागणारा सांचा अगदीं साधा असे. दोन बाजूंच्या फळ्या, त्यांस आवळून धरणारे आडवे दांडे व कांहीं पाचरी, एवढेंच त्याचें साहित्य. ओलसर माती धुम्मसानें ठोकली कीं ती जागच्या जागीं उभी राहते. म्हणून पाचरी ढिल्या करून तोच सांचा लगेच पुढें सरकवितां येतो.

काँक्रीटची गोष्ट निराळी आहे. ओतलेलें काँक्रीट प्रथम पातळ असतें, व पाण्याप्रमाणेंच तें चोहों बाजूंस रेटा देतें; शिवाय तें पाण्याहून पुष्कळच जड. एक घनमीटर काँक्रीटचें वजन सुमारें २,४०० किलो भरतें. तीन मीटर उंचीची भिंत एका दमांत ओतली, आणि तोंवर खालचा थर आळला नाहीं, तर सांच्याच्या तळाशीं दर चौरस मीटरास सात हजार किलोंहून अधिक रेटा बसतो. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा रेटा भिंतीच्या जाडीवर अवलंबून नसून उंचीवर असतो. भिंत वीतभर जाड असो वा हातभर, फळ्यांवरचा रेटा तोच. म्हणून समोरासमोरच्या फळ्या लोखंडी सळयांनीं एकमेकींस बांधून टाकतात, म्हणजे एकीवरील रेटा दुसरीवरील रेट्यास आवरून धरतो. हे बंध कमी पडले तर सांचा फुगतो व भिंतीस पोट सुटतें. बंध तुटलाच तर सारें काँक्रीट क्षणार्धांत बाहेर येतें. फळ्यांच्या सांध्यांत फट राहिली तर सिमेंटचें पाणी पाझरून जातें आणि भिंतींत नुसती उघडी खडी उरते.

आतां सांचा सोडविण्याचा विचार करूं. घरांत मोदकाचा सांचा असेल तर तो हातीं घेऊन पाहावा. त्याचे भाग मिटले असतां एकजीव दिसतात, व उघडतांच मोदक कळ्यांसकट मोकळा होतो. तोच सांचा एकसंध असता तर कळ्या मोडल्यावांचून मोदक बाहेर आला नसता. भिंतीच्या बाहेरच्या अंगाचा सांचाही असाच उघडतां येतो, कारण त्यास मागें सरावयास मोकळी जागा असते. अडचण येते ती आंतल्या सांच्याची. पाण्याची टाकी, विहिरीचें कडें, लिफ्टची उभी पोकळी यांत आंतला सांचा चोहों बाजूंनीं भिंतींनीं वेढलेला असतो. तशांत काँक्रीट घट्ट होतांना किंचित् आक्रसतें व त्यास अधिकच आवळून धरतें. यावर युक्ति अशी कीं, आंतला सांचा अनेक तुकड्यांचा करावा आणि त्यांतील एक अरुंद तुकडा पाचरीसारखा निमुळता ठेवावा. ही पाचर आधीं काढली कीं थोडी जागा मोकळी होते. मग शेजारचा तुकडा आंत सरकतो, त्यामागून त्याच्या शेजारचा, आणि पाहतां पाहतां सारा सांचा सुटतो. कांहीं सांच्यांत याच कामासाठीं बिजागऱ्या व स्क्रू बसविलेले असतात. स्क्रू फिरवितांच छत्री मिटावी तशा सांच्याच्या बाजू आंत येतात. ओतण्यापूर्वीं फळ्यांस तेलाचा हात देतात तोही याच हेतूनें, म्हणजे काँक्रीट त्यांस चिकटून राहत नाहीं.

अशा सुट्या होणाऱ्या सांच्यांतून भिंतीच काय, पण घरेंच्या घरें ओतावीं, असें स्वप्न पाहणारा मनुष्य म्हणजे विजेच्या दिव्यामुळें व फोनोग्राफमुळें सर्वांच्या परिचयाचा झालेला थॉमस आल्वा एडिसन. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत त्याचा सिमेंटचा मोठा कारखाना होता. दाट वस्तीच्या शहरांत कोंदट खोल्यांतून राहणाऱ्या कामगारांस, आगीचें भय नसलेलें स्वच्छ घर बाराशें डॉलरांत मिळावें, असा त्याचा मनोदय होता. १९०८ मध्यें त्यानें आपल्या कृतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९१७ मध्यें तें त्यास मिळालें. त्याची योजना अशी होती: संपूर्ण घराचा ओतीव लोखंडाचा सांचा तुकड्या-तुकड्यांनीं जोडून उभा करावयाचा, मग वरच्या टोंकाकडून काँक्रीट अखंड सोडावयाचें, म्हणजे तें भिंती, जमिनी, जिने व छप्पर, इतकेंच नव्हे तर न्हाणीघरांतील टांकेंसुद्धां, एका ओघांत भरीत जाईल, आणि कांहीं दिवसांनीं सांचा सोडवून पुढच्या जागीं न्यावयाचा. पातळ मिश्रणांतील खडी तळाशीं बसूं नये म्हणून त्यांत चिकणमातीसारखा पदार्थ घालण्याचाही त्यानें विचार केला होता.

इतक्या बुद्धिमान् पुरुषाच्या योजनेंत वैगुण्य कोठें राहिलें? तें काँक्रीटांत नव्हतें, सांच्यांत होतें. एका घराच्या सांच्याचे तुकडे दोन हजारांहून अधिक भरत. ते सारे लोखंडाचे, जड, आणि एकमेकांशीं अचूक बसवावे लागणारे. घर स्वस्त खरें, परंतु पहिलें घर ओतण्याआधीं कंत्राटदारास सांच्यासाठीं जी रक्कम गुंतवावी लागे ती इतकी मोठी होती, कीं पुष्कळ घरें बांधल्यावांचून ती भरून निघणें शक्य नव्हतें. आणि सांचा एकच असल्यामुळें तीं सारीं घरें एकाच तोंडवळ्याचीं होणार! १९१७ मध्यें न्यू जर्सींतील युनियन या गांवीं, एक डॉलरच्या घड्याळांमुळें प्रसिद्धीस आलेला कारखानदार चार्ल्स इंगरसोल याच्या पैशानें, अशीं अकरा घरें उभीं राहिलीं. ज्या मोठ्या वसाहतींची आशा होती त्या कांहीं झाल्या नाहींत. घरें मात्र टिकाऊ निघालीं. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं तरी त्यांतील बरींच अजून उभीं असून त्यांत कुटुंबें नांदत आहेत. भिंत जिंकली आणि सांचा हरला, असेंच या प्रयोगाविषयीं म्हणावें लागतें.

एडिसनला जें साधलें नाहीं तें पुढें ॲल्युमिनियमनें साधलें. ही धातु लोखंडाच्या सुमारें एकतृतीयांश वजनाची. तिचे तुकडे एका-दोघा मजुरांस उचलतां येतील एवढेच करतात. खुंटी व पाचर यांनीं ते जोडतात, हातोडीच्या ठोक्यानें सोडवितात, आणि स्लॅबमध्यें मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यांतून हातोहात वरच्या मजल्यावर पोंचवितात. भिंती व स्लॅब एकाच वेळीं ओततां येतात. मुंबई, ठाणें व पुणें येथील उंच इमारतींच्या कामांवर या सांच्यास 'मिवान' म्हणतात. हें मूळचें एका परदेशी कंपनीचें नांव आहे. एडिसनचीं घरें शेजारीं-शेजारीं व्हावयाचीं होतीं; येथें एकसारखे मजले एकावर एक चढतात, आणि तोच संच पुनःपुन्हां उपयोगांत येत असल्यामुळें त्याची किंमत अनेक कुटुंबांच्या घरांवर वांटली जाते.

येथवर सांचा कसा सुटतो तें पाहिलें. तो केव्हां सोडवावा, हा प्रश्न त्याहूनही महत्त्वाचा आहे. कारण त्यांत पैशाचा नव्हे, प्राणांचा संबंध येतो. काँक्रीट चिखलाप्रमाणें वाळून घट्ट होतें, असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाहीं. सिमेंटचा पाण्याशीं रासायनिक संयोग होतो व त्यायोगें तें कठीण बनतें. ही क्रिया हळूहळू चालते, आणि थंडींत तर फारच मंद होते. साधारणपणें सात दिवसांत काँक्रीटच्या अपेक्षित बळापैकीं सुमारें दोनतृतीयांश बळ येतें. पूर्ण बळाचें माप अठ्ठाविसाव्या दिवशीं घेतात. दुसऱ्या दिवशींच तें हातास दगडासारखें लागतें, परंतु हाताला जें कळतें तेवढ्यावर भरंवसा ठेवणें धोक्याचें असतें.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांतील विलो आयलंड येथें हें भयंकर रीतीनें प्रत्ययास आलें. तेथें वीज-केंद्रासाठीं पाणी थंड करण्याचा काँक्रीटचा मनोरा बांधला जात होता. रोज पांच फूट उंचीचें एक कडें ओतावयाचें आणि सांचे व मजुरांच्या उभें राहण्याच्या माच्या नुकत्याच झालेल्या कड्यांस बांधून वर-वर सरकवीत न्यावयाचें, अशी कामाची पद्धति होती. २७ एप्रिल १९७८ रोजीं, मनोरा सुमारें १६६ फूट उंच झाला असतां, आदल्या दिवशीं ओतलेलें कडें ढासळलें, आणि माच्यांसह ५१ मजूर खालीं कोसळून मृत्यु पावले. सरकारी चौकशींत असें आढळलें कीं, आदल्या रात्रीं हवा फार थंड होती, आणि वरचा भार पेलण्याइतकें बळ त्या काँक्रीटमध्यें आलेलें नव्हतें. दिवस ठरल्याप्रमाणें उजाडला, काम ठरल्याप्रमाणें सुरू झालें. काँक्रीट मात्र मनुष्याच्या वेळापत्रकाप्रमाणें पिकलें नाहीं.

म्हणूनच सांचे काढण्याच्या मुदती ठरवून दिलेल्या असतात. भारतीय मानक ४५६ च्या सन २००० च्या आवृत्तींत, साधें पोर्टलंड सिमेंट असून हवा १५ अंश सेल्सियसहून थंड नसेल तर, भिंतींच्या व खांबांच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तासांनीं काढण्यास हरकत नाहीं, असें सांगितलें आहे. स्लॅबखालील टेकू मात्र, गाळा साडेचार मीटरपर्यंत असल्यास ७ दिवस, व त्याहून मोठा असल्यास १४ दिवस ठेवावे लागतात. हा फरक कां, हें सहज कळण्याजोगें आहे. भिंत आपल्या पायावर उभी असते, तिच्या फळ्या तिला नुसता आकार देतात. स्लॅब मात्र अधांतरीं असतो, आणि स्वतःचें ओझें पेलण्याची ताकद येईपर्यंत तो टेकूंवर विसावलेला असतो. सिमेंट राखमिश्रित असेल अथवा दिवस थंडीचे असतील तर या मुदती वाढवाव्या लागतात; त्या किती, हें इंजिनियरास विचारावें.

वडील मंडळींस यांतून एक व्यवहाराची गोष्ट सुचवावीशी वाटते. सेंट्रिंगचे पत्रे व टेकू पुष्कळदां भाड्याचे असतात, आणि त्यांची दुसऱ्या कामावर निकड असते. त्यामुळें ते लवकर काढावे असा आग्रह होणें स्वाभाविक आहे. घरधन्यालाही नव्या घरांत जाण्याची घाई असते. अशा वेळीं अंदाजावर न राहतां दिवस मोजावे, आणि निदान सात दिवस (राखमिश्रित सिमेंटास दहा) काँक्रीट पाण्यानें ओलें ठेवावें. हें मोजण्याचें काम घरांतील शाळकरी मुलासही करतां येईल. ज्या दिवशीं स्लॅब घातला त्या दिवसाची तारीख त्यानें जवळच्या खांबावर खडूनें ठळक लिहून ठेवावी, रोज सकाळीं तिच्याखालीं एक रेघ ओढावी, आणि टेकूंस हात लावावयास कोणी आलें म्हणजे त्यास आधीं त्या रेघा मोजावयास सांगावें.